लिफ्टचं सर्व्हिसिंग दर महिन्याला होतं, पण तपासणी कोण करतं?

पायऱ्याच_बऱ्या

नमस्कार मंडळी,

एप्रिलात सोसायटीचं सचिवपद गळ्यात पडलं. पडलं म्हणजे अक्षरशः पडलंच. सभेत मी चहा घ्यायला उठले, परत येईपर्यंत ठराव मंजूर. डोंबिवली पूर्व, स्टिल्ट अधिक सात मजले, दोन विंगा, प्रत्येकी एक लिफ्ट, सहा माणसांची. इमारत २००९ ची.

जूनच्या पहिल्याच पावसात वीज गेली आणि बी विंगच्या लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यावरच्या आजी अडकल्या. वीज गेली की लिफ्ट बॅटरीवर जवळच्या मजल्याला येते आणि दार उघडतं, त्यासाठी एआरडी बसवलंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बॅटरी कधीचीच मेली आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वॉचमनने चौथ्या मजल्याचं दार किल्लीने उघडलं. लिफ्टची फरशी माझ्या छातीपर्यंत वर थांबलेली. आतलं दार दोघा पोरांनी जोर लावून सरकवलं, आजींना काठावर बसवलं आणि बखोटीला धरून खाली उतरवून घेतलं. पस्तीस मिनिटं गेली यात. बाहेर आल्या आल्या आजी म्हणाल्या, "अगं, माझी पिशवी आत राहिली."

रात्री फाइल काढून बसले. दर महिन्याची सर्व्हिस स्लिप नीट लावलेली. मे महिन्याच्या स्लिपवर 'एआरडी – ओके', पुढे बरोबरची खूण, खाली सही. परवाना बघितला तर तो अजून बिल्डरच्या नावावर. आणि सरकारी तपासणीचा शेवटचा कागद २०१४ चा!

कमिटीत विषय काढला तर उत्तर आलं, "दर वर्षी एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कंत्राटाचे, पैसे भरतो ना आपण? मग जबाबदारी त्यांची." मला हे पटत नाही, पण खोडून काढण्याइतकं ज्ञानही नाही. सर्व्हिसिंग आणि तपासणी एकच का? परवाना बिल्डरच्या नावावर असेल तर आम्ही कोण? तुमच्याकडे काय करतात ते सविस्तर सांगा.

अवांतरानंद

वाचनखूण ठेवली. आमच्याकडे लिफ्टमध्ये परवान्याच्या चौकटीत साईबाबांचा फोटो आहे. परवाना फोटोच्या मागे आहे की नाही ते उद्या बघतो.

गव्हर्नर

ताई, रागावू नका, पण आजी वाचल्या ते नशीब. सव्वीस वर्षं मुंबई-ठाण्यात लिफ्टचीच कामं केली, आता वाईला शेती बघतो. सांगतो ते नीट वाचा आणि वॉचमनला वाचून दाखवा.

लिफ्टची फरशी मजल्याच्या वर अडकली असेल तर फरशीच्या खाली काय असतं? मोकळा शाफ्ट. बाहेर उतरणारा माणूस पाय खाली सोडतो, अंग पुढे सरकतं, पाय आपोआप आतल्या बाजूला, म्हणजे लिफ्टच्या पोटाखाली झोका घेतात. हात सुटला की माणूस थेट पिटमध्ये, म्हणजे शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात. असे अपघात झालेत. अडकलेला माणूस लिफ्टच्या आत सगळ्यात सुरक्षित असतो. पंखा बंद पडला तरी जीव गुदमरत नाही, डब्याला हवेसाठी फटी ठेवलेल्या असतात. त्याच्याशी बोलत राहा, दाराला हात लावू देऊ नका.

आता सोडवायचं कसं. पहिलं काम, मशीन रूममध्ये जाऊन मेन स्विच बंद. वीज मध्येच परत आली आणि लिफ्ट हलली तर काय होईल याचा विचार करा. मग मोटरच्या ब्रेकला लिव्हर असतो, त्याने एकाने ब्रेक हळूहळू, थोडा थोडा सैल करायचा आणि दुसऱ्याने हाताने मोटरचं चाक फिरवायचं. चाक ज्या बाजूला हलकं जाईल त्या बाजूला न्यायचं. फरशी मजल्याला लागली की लिव्हर सोडून ब्रेक पुन्हा लागू द्यायचा आणि मगच दार उघडायचं. हे शिकवलेल्या माणसानेच करायचं, हे वाचून उद्या कुणी मशीन रूममध्ये शिरू नका. पण एएमसीवाल्याकडून तुमच्या वॉचमनला आणि दोन सभासदांना हे शिकवून घ्या. तो फुकट शिकवतो, फक्त कुणी विचारत नाही.

पायऱ्याच_बऱ्या

बापरे. वाचून हात गार पडले. ती दोन पोरं म्हणजे माझा मुलगा आणि त्याचा मित्र.

एक विचारते. लिफ्ट चौथ्याच्या वर होती, म्हणजे खाली चौथ्यालाच आणायची ना?

गव्हर्नर

नाही! इथेच लोक फसतात. लिफ्टच्या दोराला दुसऱ्या टोकाला वजन लटकवलेलं असतं, काउंटरवेट. ते रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतं, साधारण लिफ्टचं वजन अधिक क्षमतेच्या चाळीस ते पन्नास टक्के. सहा माणसांची लिफ्ट म्हणजे ४०८ किलो, तिच्यात आजी एकट्या, असतील पन्नास किलोच्या. म्हणजे काउंटरवेटचं पारडं जड. ब्रेक सोडला असता तर लिफ्ट खाली आली नसती, आपसूक वर पाचव्याकडे निघाली असती. आजी पिशवीसकट चालत बाहेर आल्या असत्या.

अवांतरानंद

सहा माणसं = ४०८ किलो, म्हणजे माणशी ६८! हा हिशोब कुणी मांडला? आमच्या मजल्यावर ६८ चा माणूस दाखवा, हजार रुपये देतो.

गव्हर्नर

भारतीय मानकातच माणशी ६८ धरलेत. चार माणसांची २७२, आठची ५४४, दहाची ६८०. म्हणून पाटीवरची माणसं मोजू नका, किलो बघा. ओव्हरलोडची घंटा वाजली की शेवटी शिरलेल्याने बाहेर यायचं. आपल्याकडे सगळे पोट आत घेऊन उभे राहतात, जसं काही वजन कमी होणार आहे.

वकिली_बाणा

कायद्याचं थोडक्यात सांगतो. जुना कायदा १९३९ चा मुंबई लिफ्ट कायदा. त्याची जागा घेणारा महाराष्ट्राचा कायदा २०१७ चा, त्यात सरकते जिनेही आले. सांगाडा दोन्हींचा एकच आहे. लिफ्ट उभारण्याआधी परवानगी, चालवण्याआधी परवाना, नंतर वेळोवेळी सरकारी निरीक्षकाकडून तपासणी. अपघातात कुणी जखमी झालं तर निरीक्षकाला कळवायचं आणि त्याच्या परवानगीशिवाय ती लिफ्ट पुन्हा सुरू करायची नाही. सरकारी मराठीत लिफ्टला 'उद्वाहन' म्हणतात, अर्ज शोधताना हा शब्द लक्षात ठेवा.

या सगळ्यात एएमसी कंपनी कुठे बसते? ती तुमची कंत्राटदार. निरीक्षक नव्हे. तिची स्लिप म्हणजे तिने तिच्याच कामाला दिलेलं प्रमाणपत्र. कायद्यापुढे उत्तर द्यायचं ते मालकाने.

मालक कोण, हा तुमचा खरा प्रश्न. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं, झालं आहे का? नसेल तर बिल्डर कागदोपत्री जमिनीचा मालक असेलही, पण लिफ्टचा ताबा तुमच्याकडे, मेंटेनन्स तुम्ही गोळा करता, मेकॅनिकला फोन तुम्ही करता. उद्या काही झालं तर "परवाना बिल्डरच्या नावावर होता" हे सांगून सुटका होईल या भ्रमात राहू नका. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. जुन्या ३०४-अ मध्ये ती दोन वर्षं होती. पोलीस आधी अध्यक्ष-सचिवांनाच बोलावतात.

जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. नाव बदलणं आणि तपासणी, दोन्हींसाठी. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, जुन्या परवान्याची प्रत, कमिटीचा ठराव जोडा. पोचपावती घ्या आणि ती फाइलमध्ये लावा. एक लेखी कागद दहा फोनांच्या बरोबरीचा असतो.

तळमजला

लिफ्टचा विषय निघालाच आहे तर माझंही गाऱ्हाणं ऐका. मी तळमजल्यावर राहतो, बारा वर्षांत लिफ्टचं बटण दाबलेलं नाही. तरी लिफ्टचे पैसे सातव्या मजल्याइतकेच. आता आमची कमिटी नवी लिफ्ट बसवायची म्हणतेय. हा कुठला न्याय?

वकिली_बाणा

गृहनिर्माण सोसायट्यांचे आदर्श उपविधी, क्र. ६७. ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांनी लिफ्टचा देखभाल-दुरुस्तीचा आणि चालवण्याचा खर्च समान वाटून घ्यायचा, वापरा अथवा नका वापरू. आणि थकवलेत तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली होते, आधी ती कलम १०१ खाली व्हायची.

तळमजला

म्हणजे मी गच्चीवर पापड वाळवायला जायचं तर लिफ्टने जाऊ म्हणता. ठीक आहे, उद्यापासून जातो. रोज.

चाळीतली_चिमणी

वरचे सगळे आपोआप दारवाल्या लिफ्टबद्दल बोलताहेत. आमची गिरगावातली इमारत जुनी, लाकडी बाहेरचं दार आणि आत जाळीचं सरकतं दार. माझी मुलगी पाच वर्षांची. या दोन दारांच्या मधल्या जागेत ती सहज उभी राहू शकते हे मागच्या महिन्यात लक्षात आलं आणि तेव्हापासून झोप उडालीय. शिवाय बाहेरच्या दाराच्या छोट्या खिडकीची काच फुटलेली, तिथे पुठ्ठा लावलाय. मानखुर्दला २०२२ मध्ये लपाछपी खेळताना एक सोळा वर्षांची मुलगी लिफ्टच्या दाराच्या अशाच खिडकीतून डोकावली आणि वरून लिफ्ट आली, ती बातमी आठवते ना? मी कमिटीला ती बातमी दाखवली. म्हणाले, काच मागवतो. अजून मागवताहेत.

गव्हर्नर

चिमणीताई, काच येईपर्यंत लिफ्ट बंद ठेवायला सांगा. खरंच. तारांची जाळी असलेली काच लागते, साधी नाही. आणि दोन दारांमधली जागा भरून काढायला बाहेरच्या दाराला आतून पत्रा किंवा फळी मारून घेता येते, खर्च फार नाही. जाळीच्या जागी भरीव दार किंवा आपोआप दार बसवून घेतलंत तर उत्तमच.

लोक मला नेहमी विचारतात, दोर तुटून लिफ्ट कोसळते का हो? सिनेमात कोसळते. प्रवासी लिफ्टला तीन-चार तरी दोर असतात, आणि वेग मर्यादेबाहेर गेला की गव्हर्नर (माझं नाव त्यावरूनच) सेफ्टी गिअर ओढतो, जबडे रुळाला घट्ट धरतात आणि लिफ्ट जागच्या जागी थांबते. तळाला धक्का झेलणारा बफर असतो तो वेगळाच. माझ्या सव्वीस वर्षांत जे जे वाईट बघितलं ते जवळजवळ सगळं दाराशी झालेलं. दार उघडलं आणि लिफ्ट नव्हती, किंवा दार उघडं असताना लिफ्ट चालली.

हे कसं होतं सांगतो. प्रत्येक मजल्याच्या दाराला इंटरलॉक असतो. सगळी दारं नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलायलाच नको. पण एका मजल्याचा लॉक झिजला की लिफ्ट सारखी बंद पडते. रविवारची सकाळ, लोक ओरडताहेत, सुटा भाग दुकानात नाही. पोरगा काय करतो? वायर टाकून तो लॉक शॉर्ट करतो. जम्पर मारतो. लिफ्ट सुरू, लोक खूश, वीस रुपये चहाला. आणि तो जम्पर काढायचा राहतो. खोटं कशाला बोलू, तरुणपणी मीही मारलेत. एकदा मालाडला मीच मारलेल्या जम्परमुळे उघड्या दाराने लिफ्ट वर गेली, सुदैवाने आत-बाहेर कुणी नव्हतं. त्या दिवसापासून बंद.

म्हणून सचिवांना सांगतो, मेकॅनिक येऊन गेला की प्रत्येक मजल्यावर एक साधी गोष्ट बघा. लिफ्ट त्या मजल्यावर नसताना बाहेरचं दार हाताने उघडतंय का? उघडलं तर लिफ्ट बंद आणि फोन. दार लागायच्या आधीच लिफ्ट हलली, तरी तेच.

टेम्सकाठी

इकडचं सांगते. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार माणसं नेणाऱ्या लिफ्टची दर सहा महिन्यांनी कसून तपासणी लागते. आणि मुद्दा असा की जो देखभाल करतो त्याने तपासायचं नाही, स्वतंत्र माणूस लागतो. आमच्या इमारतीत तो विमा कंपनीतर्फे येतो. मागे त्याने एक दोष असा लिहिला की देखभालवाल्यांचं तोंड वाकडं झालं, पण लिफ्ट दोन आठवडे बंद ठेवून दुरुस्त केलीच. पाचवा मजला, त्यात माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तेव्हा सगळं गोड गोड नसतं हेही खरं.

नोएडाकर

उत्तर प्रदेशात इतके दिवस कायदाच नव्हता. २०२३ मध्ये ग्रेटर नोएडात बांधकामाच्या लिफ्टचा मोठा अपघात झाला, त्याच महिन्यात तुमच्या ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची बांधकामाची लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. इथे २०२४ मध्ये कायदा आला. नोंदणी, एएमसी, विमा, एआरडी आणि वर्षातून दोनदा अडकलेल्यांना सोडवण्याचा सराव. आमच्या टॉवरमध्ये पहिल्या सरावाला मी स्वतः 'अडकलेला माणूस' झालो होतो. अठरा मिनिटं. बायको म्हणाली, एवढी शांतता घरात कधी नव्हती.

तळमजला

गव्हर्नरसाहेब, तुमचं वाचून आमच्या मेकॅनिकला पहिल्यांदा बोललो. पिटमध्ये पाणी आहे म्हणाला, दर पावसाळ्यात असतं. हे चालतं का?

गव्हर्नर

नाही चालत. पिटमध्ये बफर असतो, गव्हर्नरच्या दोराला ताण देणारी पुली असते, स्विच असतात. पाण्यात ती पुली गंजून अडकली तर सेफ्टी गिअर ऐनवेळी दगा देणार. पिटला आतून वॉटरप्रूफिंग करून घ्या, पाणी येतंच असेल तर पंपाने उपसा. अतिवृष्टीचा इशारा आला की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करून ठेवा. आणि तुमच्या तळमजल्याच्या घरातही त्याच भिंतीतून ओल येत असणार, बघा.

तळमजला

येते की! हॉलच्या त्याच भिंतीला. सात वर्षं पेंटरला शिव्या देतोय.

पायऱ्याच_बऱ्या

धाग्याला दोन महिने झाले, म्हणून काय काय झालं ते लिहिते.

वकिली_बाणा यांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज दिला, पोचपावती घेतली. दोन आठवड्यांनी एएमसीवाल्यांना बोलावून त्यांच्यासमोर एआरडीची परीक्षा घेतली. मेन बंद केला आणि लिफ्ट जागेवर थांबली. मग त्यांचा पर्यवेक्षक म्हणाला, "मॅडम, बॅटरी नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये येत नाही." म्हणजे आमचं कंत्राट फक्त तेलपाणी आणि मजुरीचं होतं, सुटे भाग वेगळे. हे पंधरा वर्षांत कुणी वाचलंच नव्हतं. मग 'ओके' कुणी लिहिलं, असं विचारल्यावर तो मुलगा नोकरी सोडून गेला असं कळलं. दुसऱ्या विंगची बॅटरीही मेलेलीच निघाली. दोन्ही बदलल्या.

मशीन रूमची किल्ली शोधायला तीन दिवस लागले. ती माजी खजिनदारांकडे, आणि ते मुलीकडे पुण्याला. दार उघडलं तर आत गणपतीचं थर्माकोलचं मखर, सतरंज्या, दोन मोडके कूलर आणि होळीच्या पिचकाऱ्यांची गोणी. मोटरपर्यंत जायला वाटच नव्हती. त्या रात्री कुणी वर धावत गेलं असतं तरी ब्रेकपर्यंत पोचलं नसतं.

निरीक्षक गेल्या आठवड्यात येऊन गेले. दोन्ही लिफ्टच्या डब्यावर चढून बघितलं, मजल्यामजल्याला दारं तपासली, अर्थिंग मोजलं. ए विंगच्या तिसऱ्या मजल्याचा इंटरलॉक शॉर्ट केलेला सापडला. गव्हर्नरदादा, तुमचा जम्पर! कधीपासून होता देव जाणे. बी विंगचे दोर बदलायला सांगितलेत. तेरा मिलीमीटरचा दोर एका जागी साडेअकराला आला होता. दोष दूर करून कळवायचं, मग परवान्याचं पुढचं. तोवर ए विंगची लिफ्ट लॉक बदलून सुरू, बी विंगची बंद. त्यामुळे सध्या माझं नाव सार्थ आहे. आजी मात्र माहेरी, म्हणजे भावाकडे जाऊन राहिल्यात.

विशेष सर्वसाधारण सभा रविवारी आहे. कॉम्प्रिहेन्सिव्हचं कोटेशन आत्ताच्या जवळजवळ दुप्पट आहे, वर अठरा टक्के जीएसटी. दोराचा खर्च सिंकिंग फंडातून (मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीतून) की दुरुस्ती निधीतून यावरून व्हॉट्सॲपवर महाभारत पेटलंय.

गव्हर्नर

तेराचा साडेअकरा म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त गेला. बदलायलाच हवा होता. आणि एक दोर बदलू देऊ नका, सगळा संच एकदम बदला. नाहीतर नवा-जुना ताण वेगळा पडतो आणि नवाही लवकर झिजतो. कोटेशनमध्ये एकाच दोराचा भाव लिहिला असेल, नीट वाचा.

वकिली_बाणा

दुरुस्ती निधीतून करा. सिंकिंग फंडाला हात लावायचा तर कामाचं मोठेपण, वास्तुविशारदाचा दाखला, सभेची मंजुरी अशी वाट लांब आहे. आणि रविवारच्या इतिवृत्तात निरीक्षकांचा अहवाल वाचून दाखवल्याची नोंद जरूर घ्या. विरोध करणाऱ्यांची नावंही.

चाळीतली_चिमणी

आमच्याकडे काच बसली! जाळीची. कमिटीला हा धागा छापून दिला होता. पत्रा अजून बाकी आहे, तोवर मुलीला कडेवर घेऊनच लिफ्टमध्ये शिरते.

अवांतरानंद

साईबाबांच्या मागे परवाना नाही. खिळा आहे.

पायऱ्याच_बऱ्या

@गव्हर्नर, बरं झालं सांगितलंत. बघितलं, एकाच दोराचा भाव होता. नवं कोटेशन मागवलं.

आणखी एक अडचण. मशीन रूम रिकामी केली, कुलूप बदललं, एक किल्ली वॉचमनकडे, एक माझ्याकडे. पण ते मखर सध्या माझ्या बाल्कनीत आहे आणि गणपती तीन आठवड्यांवर आलेत. सात फुटी मखर बी विंगच्या सातव्या मजल्यावरून जिन्याने खाली कसं आणायचं, यावर कुणाचा अनुभव आहे का?